किरण मारलेल्या बॉक्समधलं प्लॅस्टिक आंब्यात उतरतं का?

निर्यातीच्या आंब्याला किडीच्या बंदोबस्तासाठी बॉक्ससकट गॅमा किरण देतात, मग फोमचं, प्लॅस्टिकचं काही आंब्यात उतरत असेल का, असं तुम्ही विचारलंय. आंब्यापुरतं म्हणाल तर बिनधास्त खा.

तुम्ही निदान विचारलंत. आमच्या भावोजींनी थेट निकालच दिला होता. आमची बाग रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ. एका हंगामात अमेरिकेच्या मालाला लासलगावला किरण देऊन झाले आणि पुढचं विमान हुकलं. त्यातला एक बॉक्स आणि घरची एक साधी पेटी मी डोंबिवलीला ताईकडे नेली. भावोजींनी फळ बाजूला ठेवून आधी फोमची जाळी नाकाला लावली. "बघ, प्लॅस्टिक भाजल्याचा वास!" मग बॉक्सच्या भोकांवरची बारीक जाळी दाखवून म्हणाले, "ही किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ना?" अहो भावोजी, ती फळमाशी आत शिरू नये म्हणून! एकदा किरण दिले की बॉक्स उघडायचा नसतो, म्हणून तर भरून, बंद करूनच आत पाठवतात. कोबाल्टचे हे गॅमा किरण आरपार जातात. त्याने आंबा किरणोत्सारी होत नाही, पुठ्ठाही नाही. साध्या पेटीतली फोमची जाळी काढून त्यांच्या नाकाशी धरली. तोच वास. तरी ऐकतील तर शपथ.

किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. अमेरिकेसाठी आंब्याला किमान ४०० ग्रे द्यावे लागतात, १,००० च्या वर जायचं नाही. दवाखान्यातल्या कित्येक सिरिंजा पाकिटासकट गॅमानेच निर्जंतुक होतात, तेही साधारण २५,००० ग्रे देऊन. इंजेक्शन घेताना भावोजी वास घेत नाहीत. टपरीवरचा उकळता चहा पातळ पिशवीत बांधून आणतात, तोही चालतो.

मसाल्याचं मात्र वेगळं, हे सांगायला हवं. तिथे ६,००० ते १४,००० ग्रे देतात आणि तेवढ्याला वाटेल ते प्लॅस्टिक चालत नाही. पीव्हीसी पिवळं पडतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. साधं पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होतं. प्लॅस्टिक टिकावं म्हणून घातलेली रसायनं तुटतात, ते तुकडे पदार्थात उतरू शकतात. म्हणूनच अमेरिकेत कुठलं वेष्टन किती मात्रेपर्यंत चालेल, याची यादीच ठरलेली आहे. मसाला किरण देऊन विकायचा असेल तर पिशवीवाल्याला आधी मात्रा सांगा, भाव नंतर विचारा.

आणि साका, म्हणजे आंब्याचा गर आतून खराब होणं. ताईने त्या बॉक्समधला आंबा कापला तर नेमका साका निघाला. "किरणांनी आतून जाळला," भावोजी. साका झाडावरच धरतो, बाहेरून दिसत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पाहुण्यांसमोर बोलले, म्हणून इथे लिहितोय.