कारली बाहेर पाठवायची म्हणतोस, मग आधी हे वाच

भावा, बेळगावजवळच्या कडोलीकडनं गोव्याला भाजी पाठवणं वेगळं आणि परदेशात पाठवणं वेगळं, तिकडं रेटच्या आधी कीड बघतात. १९५१ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, वनस्पती संरक्षणाचा, त्याखाली ठरलेले नियम जवळपास सगळे देश धरून चालतात, म्हणून मालासोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नाही असा दाखला, लागतंच. ते आपल्या सरकारचा प्लांट क्वारंटाईनचा (मालातली कीड-रोग तपासणाऱ्या खात्याचा) अधिकारी तपासून देतो, एजंटनं कायपण सांगू दे. २०१४ च्या मे महिन्यात युरोपनं आपला आंबा, वांगी, अळू, कारली, पडवळ बंद केलेलं, कारण मालात फळमाशी आणि दुसऱ्या किडी सापडलेल्या, आणि त्यात ज्यांचा माल स्वच्छ होता ते पण अडकले, हे मला अजून लागतं. म्हणून तू फुलं यायच्या आधीच क्यू ल्युरचे (फळमाशीला वासानं ओढणारं औषध) सापळे लाव, त्यात फक्त नर माशी येते, अंडी घालणारी मादी मोकळीच राहते, तेव्हा किडकी कारली रोज वेचून खोल पुरायचीच, बांधावर टाकलीस की परत माशी. शेजाऱ्यालापण सांग, माशी बांध बघत नाही. माल रचायला लाकडी पॅलेट (फळ्यांची चौकट) घेतलीस तर त्यावर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का बघ, त्यात एचटी (हीट ट्रीटमेंट) लिहिलं असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशावर सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं. फवारणीची वही आजपासूनच लिही.