दिव्यांग मुलं चौथी-आठवीनंतर शाळा का सोडतात? गावपातळीवर ते थांबवता येईल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रश्नकर्त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या भागात दिव्यांग मुलं चौथीपर्यंत वर्गात दिसतात, मग हळूहळू दिसेनाशी होतात. योजना एवढ्या असताना असं का होतं आणि पालकांचं प्रबोधन कसं करावं, असं त्यांनी विचारलंय.

प्रबोधन आधी बाजूला ठेवा. गळतीच्या प्रत्येक बैठकीत 'पालक उदासीन' हा शेरा लिहिला जातो, आणि एकदा तो लिहिला की कुणालाच काही करावं लागत नाही. ज्या बाईनं पोराला चार वर्षं कडेवर आणून वर्गात बसवलं, ती पाचव्या वर्षी एकाएकी उदासीन कशी होते? पोरगं दहा वर्षांचं झालं, आता कडेवर पेलत नाही. पाचवीची शाळा तीन किलोमीटरवर. दसऱ्यापासून कापसाची वेचाई सुरू, दिवसाची मजुरी सोडून त्याला न्यायचं-आणायचं कुणी? काळ्या मातीच्या पांदणीत पावसाळ्यात व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तर दहा पावलांतच रुततात.

एक प्रकरण लांबण लावून सांगतो, कारण 'आमच्या शाळेत सगळ्या सुविधा आहेत' हा दावा मला अनेक वर्षं ऐकवला गेलाय. वर्धा नदीच्या काठची एक शाळा. आठवीतली मुलगी, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवर ताबा राहत नाही), दोन्ही पाय ताठ, वॉकर धरून चालते. दिवाळीनंतर आलीच नाही. हजेरीपटावर कारण 'प्रकृती'. तिच्या आईचं उत्तर असं: "सर, ते दिवसभर पानीच पेत नाही. संडासात जाता येत नाही न तिले. आता तं पाळी बी आली. तिथं कोन पाह्यते?"

कागदावर त्या शाळेत रॅम्प होता, दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह होतं, यूडायसच्या, म्हणजे शाळा दरवर्षी सरकारला भरून देते त्या माहितीच्या, दोन्ही रकान्यांत 'आहे' होतं. टेप लावल्यावर निघालं ते असं.

व्हरांड्याचं जोतं दोन फूट उंच. रॅम्पचा उतार हवा १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तिथं चोवीस फूट हवे होते, बांधले नऊ, कारण समोर झेंड्याचा कट्टा. एवढ्या चढावर वॉकर मागे सरकतो आणि उतरताना पुढे पळतो. वरून सिमेंटचा गुळगुळीत घोटा दिलेला, ओल असली की घसरणारच. हेडसरांची मोटरसायकल मात्र त्यावरून झकास वर चढायची. जागा कमी असेल तर रॅम्प काटकोनात वळवतात, वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा ठेवतात, आणि वरचा थर ओला असताना खराट्यानं आडव्या रेषा ओढतात. ह्यात इंजिनिअरला न कळण्यासारखं काही नाही. वापरणारी पोर उभी करून माप घेतलं नाही, एवढंच.

संडास इमारतीच्या मागे, मधे मुरूम टाकलेला. पहिल्या दोन पावसांत मुरूम वाहून गेला. दार दोन फुटी, चौकट जाऊन मोकळी जागा एकवीस इंच, आणि वॉकर तेवीस इंच रुंद. दार आत उघडणारं. आत पोर पडली तर तिच्याच अंगानं दार अडतं आणि बाहेरून कुणाला उघडता येत नाही, म्हणून अशा ठिकाणी दार बाहेरच उघडायला हवं. कमोड होता. बाजूचा धरायचा दांडा निखळून लोंबत होता, कारण चार इंची भिंतीच्या गिलाव्यात प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकून तो बसवलेला. माणसाचं वजन त्यावर आठवडाभरही टिकत नाही. बोल्ट भिंतीच्या आरपार घालून मागून लोखंडी पट्टी द्यावी लागते. पाइप दीड इंची, भिंतीपासून दोन इंच सुटा, जमिनीपासून साधारण सत्तावीस-अठ्ठावीस इंचांवर. नळ बसल्या जागेवरून हाताला लागेल असा. कडी ताठ बोटांनाही सरकेल अशी मोठ्या मुठीची. आणि किल्ली? किल्ली शिपायाकडे, कारण आत मोडके बेंच आणि पोषण आहाराची रिकामी पोती रचलेली.

दार तीन फुटी करून बाहेर उघडणारं बसवलं, चार फूट रुंद काँक्रीटची वाट टाकली, दांडा नीट बसवला, पोती हलवली. गवंड्याचं चार-पाच दिवसांचं काम. मुलगी फेब्रुवारीत परत आली. प्रबोधन कुणाचंही करावं लागलं नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पहिलं काम हेच: टेप घ्या, ज्या मुलासाठी सोय आहे त्याला सोबत घ्या, आणि फाटकापासून बाकापर्यंत व बाकापासून संडासापर्यंत त्याला चालवून बघा. कुठे अडतो ते लिहा, तीच तुमची यादी.

ऐकू न येणाऱ्या मुलांचं दुखणं वेगळं. शिबिरात श्रवणयंत्र मिळतं, फोटो निघतो, सहा महिन्यांत यंत्र ट्रंकेत जातं. मूल वाढतं तसा कानही वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी मारतं. वर्ग हसतो, पोरगं यंत्र काढून ठेवतं, मग काही समजत नाही म्हणून मागे बसतं, मग येतच नाही. वर्गशिक्षकाला रोज अर्ध्या मिनिटाची एक तपासणी पुरते: यंत्र सुरू करून मुठीत झाका. मुठीत शिटी वाजली तर यंत्र चालू आहे. वाजली नाही तर सेल संपलाय, नाहीतर नळी तुंबलीय. मुठीत वाजतं आणि कानात बसवल्यावरही वाजत राहतं, तर साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. साचा नवा घ्यायचा, यंत्र नाही. सेल नारिंगी पट्टीचा म्हणजे १३ नंबर, निळ्या पट्टीचा म्हणजे ६७५. पट्टी एकदा काढली की यंत्र बंद असलं तरी तो उतरत राहतो, म्हणून पोरांना आधीच पट्ट्या सोलून खेळायला देऊ नका. गावातल्या मेडिकलमध्ये सेल मिळत नाहीत, जिल्ह्याच्या गावाला गेलं की दोन-तीन महिन्यांचे आणून ठेवावेत. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात. आपल्याकडचा घाम आणि पावसाळी दमट हवा यंत्र लवकर खाते.

आणि सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, सगळीकडे ही मुलं आहेत, पण दिव्यांग म्हणून त्यांना कुणी मोजत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. या मुलाची गैरहजेरी तुकड्या-तुकड्यांनी पडते: चार दिवस हातपाय दुखले, आठवडाभर दवाखाना, मग रक्त चढवणं. शिक्षकाला वाटतं पोरगं कामचुकार आहे. जानेवारीच्या थंडीत उघड्यावर परिपाठाला उभं करणं, उन्हात धावायला लावणं, तासाला पाणी न पिऊ देणं, ह्यांनी दुखणं उसळतं. बाटली बाकावरच असू द्या, लघवीला विचारल्याशिवाय जाऊ द्या, बुडालेला अभ्यास घरी पाठवा. रिपोर्टवर 'एएस' असेल तर मूल वाहक आहे, आजारी नाही, 'एसएस'वालं आजारी. ह्यात शाळाच काय, आशाताईंचाही कधीकधी घोळ होतो.

तुमच्या प्रश्नातल्या 'चौथीनंतर गायब' ह्याचं उत्तर एप्रिलमध्ये आहे, जूनमध्ये नाही. विदर्भात शाळा उशिरा उघडते, तेवढ्या मोठ्या सुट्टीत मुलाचा धागा तुटतो. चौथीच्या गुरुजींनी मुलाला परीक्षेनंतर एकदा पुढच्या शाळेत न्यावं, नव्या वर्गशिक्षकाची भेट घालावी, वर्ग तळमजल्यावर मागून घ्यावा, एसटीची वेळ बघावी. आपल्या राज्यात मूल सलग ३० दिवस आलं नाही की शाळाबाह्य धरतात. तीस दिवस वाट बघणं म्हणजे काम संपवणं. सलग तिसऱ्या दिवशी घरी माणूस गेला पाहिजे, आणि त्यानं 'का येत नाही?' न विचारता 'येताना कुठं अडतं?' हे विचारावं.

योजना थोडक्यात. सगळ्याचं मूळ यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर वैधतेची तारीख असते, ती नववीत संपली तर दहावीच्या सवलतींचा अर्ज अडतो. लेखनिक, तासाला वीस मिनिटं जादा वेळ, हे सगळं शाळेनं बोर्डाकडे वेळेत पाठवलं तरच. समग्र शिक्षा ह्या सरकारी शिक्षण योजनेतून दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने. नववी-दहावीला केंद्राची शिष्यवृत्ती, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. एसटीत ७५ टक्के सवलत. कायद्यानं मोफत शिक्षण चौदा नव्हे, अठरा वर्षांपर्यंत.

आता माझं जुनं भांडण. 'गृहाधारित शिक्षण', म्हणजे मुलाला घरीच शिकवणं, हा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीनं आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, आला तो तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी, आणि तो निवडायचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे, शाळेचा नाही. प्रत्यक्षात रॅम्प बांधण्यापेक्षा पोराला गृहाधारितमध्ये टाकणं स्वस्त पडतं. कागदावर तो पटावर राहतो, गळती शून्य दिसते, आणि विशेष शिक्षकाची आठवड्यात एक फेरी झाली तरी नशीब. पालकांची सही घेण्याआधी त्यांना शाळेत यायचा पर्याय समजावून सांगितला होता का, हे कुणी विचारत नाही. तुमच्या शाळेत असं मूल असेल तर तो फॉर्म मागून बघा, सही कुणाची आणि कधीची आहे ते.

हे सगळं शारीरिक अडचणीच्या आणि ऐकू न येणाऱ्या मुलांना जास्त लागू आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांना दार रुंद करून भागत नाही, तिथं शिकवायची पद्धतच बदलावी लागते. पूर्ण कर्णबधिर मुलाला आसपास खुणांची भाषा बोलणारं कुणीच नसेल तर चांगली निवासी शाळाच बरी, हेही मान्य. आणि खरोखर उदासीन पालक मीही पाहिलेत. पण आधी टेप लावा, मग त्यांच्याकडे या.