हिरा सगळ्यात कडक असतो ना, मग तो हातोडीने फुटतो का? आणि प्लास्टिक, सिरॅमिकपेक्षा तो नेमका वेगळा कशात?

हो, फुटतो. कडक म्हणजे ओरखडा न पडणारा, आणि घाव सोसणं हा वेगळाच गुण, लोक हे दोन्ही एकच धरतात म्हणून घोळ होतो.

मी जळगावला एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या काढायच्या मशीनवर काम करतो, त्यामुळे प्लास्टिकपासून सांगतो. नळीचं पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, बाजूने हायड्रोजन. आता बघा, या साखळीत दोन कार्बनमध्ये जो बॉण्ड आहे तसाच हिऱ्यात आहे, अंतरसुद्धा तेवढंच, ०.१५४ नॅनोमीटर! तरी नळी नखाने दबते, कारण साखळी आतून पक्की असली तरी शेजारच्या साखळीशी तिची पकड फार ढिली. कापसाचा पेळू ओढला की तंतू तुटत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, तसं. म्हणूनच आमचा प्लास्टिकचा दाणा ११०-१३० डिग्रीला वितळतो. पण याच साखळ्या खूप लांब घेऊन एका दिशेत ताणून धागा काढला तर त्याची बुलेटप्रूफ जॅकेटं बनतात, वजनाला वजन लावलं तर स्टीलपेक्षा कितीतरी मजबूत, मला हे फार भारी वाटतं.

हिऱ्यात प्रत्येक कार्बनला चार बाजूंनी चार कार्बन धरून असतात, अख्खा खडा म्हणजे एकच जाळं, सरकायला जागाच नाही. म्हणून ओरखडा पडत नाही, आणि म्हणूनच घाव बसला की आत काही वाकत नाही, सरळ चीर जाते, तीही ठरावीक पातळ्यांतून, हिरा कापणारे कारागीर याच पातळ्या ओळखून तो फोडत आलेत.

सिरॅमिक, म्हणजे माती किंवा तसली पूड भाजून केलेला पदार्थ, हिऱ्याच्या जवळचं, काही जण तर हिऱ्याला त्यातच धरतात. तेही ठिसूळ, दाब भरपूर घेतं पण ताण दिला की भाजताना राहिलेल्या एखाद्या बारीक छिद्रापासून तडा जातो. उष्णतेत मात्र ते हिऱ्याला मागे टाकतं, त्यातलाच एक प्रकार अ‍ॅल्युमिना २००० डिग्रीच्या पुढे जाऊन वितळतो आणि हिरा उघड्या हवेत ८००च्या आसपास जळायला लागतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो.

एक कामाची गोष्ट. हिरा तांब्याच्या जवळपास पाचपट उष्णता वाहून नेतो आणि सराफाकडचा साधा टेस्टर तेवढंच तपासतो. हिऱ्यासारखा दिसणारा मोइसॅनाइट खडा म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे सिरॅमिकच, पण तोही उष्णता चांगली नेतो, म्हणून त्या टेस्टरवर हिरा म्हणून पास होऊ शकतो. घेताना खड्यातून वीज वाहते का ते तपासणारा टेस्टरही लावायला सांगा.

आणि हातोडीचंच म्हणाल तर आपल्याकडे काळ्या पाषाणात बोअर मारणाऱ्या गाडीच्या बिटला, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाला, सहसा टंगस्टन कार्बाइडची बटणं असतात, त्याचे कण कोबाल्ट धातूने एकत्र बांधून केलेली, कारण तिथे ठोके खायचे असतात. हिऱ्याची बिट वापरतात ती खडकाचा नमुना गोल कापून काढायला, जिथे ठोका नसतो, नुसतं घासणं असतं.