मंकला दुप्पट बळ दिलं आणि बॉस जागचा हलेना

प्रश्न : नमस्कार. आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४चे नियम, डीएम (म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवायचं काम) मी. आमच्यातला एक मित्र मंक (हाताने लढणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) खेळतो आणि पहिल्यापासून त्याचं एकच रडगाणं, की फायटरसारखं मला मारताच येत नाही, दोन राउंडमध्ये की-पॉइंट (मंकच्या खास चालींना लागणारे पॉइंट) संपतात आणि मग नुसतं उभं राहायचं. मला वाईट वाटलं म्हणून मी तीन बदल केले. ठोशाच्या डॅमेजचा फासा एक पायरी वर नेला, हिट डाइस (ज्यावरून पात्राचे हिट पॉइंट ठरतात तो फासा) डी८चा, म्हणजे आठ बाजूंचा, डी१० केला आणि की-पॉइंट लेव्हलच्या दुप्पट दिले. चौथ्या लेव्हलपर्यंत मस्त चाललं होतं. पाचवी लागली आणि आता जो मोठा शत्रू येईल तो पहिल्या-दुसऱ्या राउंडला स्टन (म्हणजे त्याला काहीच करता येत नाही), मग सगळे मिळून त्याला बडवतात, खेळ खलास. फायटर खेळणारी मैत्रीण हल्ली गप्प गप्प असते. सगळे बदल काढून टाकू का? तो नाराज होईल याची भीती वाटते.

उत्तर : सगळे नका काढू. तीनपैकी दोन बदल निरुपद्रवी आहेत, ते आधी बाजूला ठेवूया.

पाचव्या लेव्हलला मंकचा फासा असतो डी६, सरासरी साडेतीन. तुम्ही तो डी८ केलात, सरासरी साडेचार. फ्लरी ऑफ ब्लोज (एक पॉइंट टाकून मारायचे दोन जादा ठोसे) धरून चार ठोसे आणि त्यातले ६५ टक्के लागतात असं धरलं तर राउंडमागे अडीच-पावणेतीन डॅमेज वाढलं, बस. हिट डाइसचंही तसंच, डी१०मुळे पाचव्या लेव्हलपर्यंत पुस्तकी सरासरीने सहा हिट पॉइंट जास्त मिळाले. सहा! एका फटक्यात जातात ते. एवढ्याने कुणाची लढाई बिघडत नाही.

घोळ आहे तो तिसऱ्या बदलात, आणि तो चौथ्या लेव्हलपर्यंत दिसला नाही कारण स्टनिंग स्ट्राइक मिळतोच पाचव्या लेव्हलला. आता हिशोब बघा. लागलेल्या प्रत्येक ठोशामागे एक पॉइंट टाकून स्टनचा प्रयत्न करता येतो. मंकची विझडम १६ असेल तर सेव्हचा आकडा (वाचायला शत्रूने वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा) १४, समोरच्याची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह +४ असेल तर तो ५५ टक्के वेळा वाचतो, म्हणजे एका ठोशाने फारसं काही होत नाही. पण एका टर्नमध्ये चार ठोसे असतात ना, त्यामुळे चुकणारे ठोसे धरूनही एका टर्नमध्ये स्टन होण्याची शक्यता ७५ टक्क्यांवर जाते. मूळ नियमात त्याच्याकडे पाचच पॉइंट असतात, एक फ्लरीला आणि चार स्टनला गेले की तो रिकामा, म्हणून तो जपून वापरतो. तुमच्याकडे दहा आहेत, म्हणजे असे दोन राउंड, आणि दोन राउंडांत शक्यता होते जवळपास ९४ टक्के. मग बॉस कशाला हलेल? लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेली सेव्ह जमली असं ठरवायची बॉसची सोय) असला तरी तीन वेळा वाचून तोही संपतो.

आता त्याची मूळ तक्रार. फायटरची दोन हातांची मोठी तलवार, दोन हल्ले, स्ट्रेंग्थ १८, तर राउंडला सरासरी १४ च्या आसपास डॅमेज. मंक एकही पॉइंट न घालवता तीन ठोसे मारतो, डेक्स्टेरिटी १८, आणि मूळ डी६वरही तेवढंच डॅमेज करतो. म्हणजे पाचव्या लेव्हलला तो मागे नाहीचे. ११व्या लेव्हलला फायटरला तिसरा हल्ला मिळतो तेव्हा खरा मागे पडतो. मग त्याला आत्ताच कमी का वाटतं? मला वाटतं तुमच्याकडे शॉर्ट रेस्ट (लढायांमधली तासाभराची विश्रांती) होत नाहीत. २०१४च्या नियमांत दिवसाला सहा ते आठ लढाया आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट धरलेत, त्यात मंकचे सगळे पॉइंट परत येतात, म्हणजे पाचव्या लेव्हलला दिवसाचे पंधरा. तुम्ही रेस्टच दिली नाहीत तर त्याच्या वाट्याला पाचच येतात, आणि तलवार काही संपत नाही. हे त्या बिचाऱ्याला सांगता येत नसतं, त्याला फक्त आपण कमी पडतोय एवढं जाणवतं. क्लास बदलण्याआधी डीएमने हे तपासावंच, कारण दोष बऱ्याचदा क्लासमध्ये नसतो, आपण दिवस कसा चालवतो त्यात असतो.

करायचं काय, तर फासा आणि हिट डाइस राहू द्या (२०२४च्या नव्या नियमांनी फासा तुमच्यासारखाच एक पायरी वर नेलाय, हिट डाइस मात्र डी८च ठेवला). पॉइंट परत लेव्हलइतके करा. त्या बदल्यात २०२४मधलीच एक गोष्ट द्या, दिवसातून एकदा इनिशिएटिव्ह (लढाईच्या सुरुवातीला पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकताना सगळे पॉइंट भरून घेता येतील. एकूण पॉइंट साधारण तेवढेच पडतात पण एकाच लढाईत ओतता येत नाहीत. आणि स्टन टर्नमध्ये एकदाच, मग वरच्याच हिशोबाने शक्यता ७५ वरून ४४ टक्क्यांवर येते. सेव्ह झाली तरी शत्रूचा वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) मिळतो, हेही २०२४चंच, त्यामुळे पॉइंट वाया गेला असं वाटत नाही.

मित्राला हे ऐन खेळात सांगू नका, आधी एकटं गाठून हे आकडे दाखवा, आणि नियम मी घाईत केला, चूक माझी होती असं सरळ म्हणा. तीन सेशन खेळून बघू असं ठरवा. आणि त्या फायटरवाल्या मैत्रिणीलाही विचारा हो, तिच्याशी याबद्दल कुणी बोललेलंच दिसत नाहीये.

प्रश्न : आमच्या रेंजरच्या लांडग्याला हल्ला करायला तिची स्वतःची अ‍ॅक्शन खर्च होते. लांडग्याला फुकट हल्ला दिला तर चालेल का?

उत्तर : फुकट नको, बोनस अ‍ॅक्शनवर (टर्नमध्ये मुख्य अ‍ॅक्शनशिवाय मिळणारी एक छोटी कृती) द्या. २०२० साली आलेल्या अधिकृत पर्यायी नियमांतही हेच केलंय. तिसऱ्या लेव्हलला रेंजरचा एकच हल्ला असतो, लांडगा फुकट चावला तर तिचे दोन झाले, वर तो शत्रूला आडवा पाडू शकतो आणि मग जवळून मारणाऱ्या सगळ्यांना अ‍ॅडव्हांटेज मिळतो. बोनस अ‍ॅक्शन लागली की तिला निवड करावी लागते, कारण हंटर्स मार्क हा मंत्र टाकायला आणि दुसऱ्या हातातल्या शस्त्राने मारायलाही तीच लागते.