कॅन्सर मांडीच्या हाडात उतरलाय, पण हाड मोडलेलं नाही. आधीच रॉड टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की आईंना स्तनाचा कॅन्सर आहे, मांडीच्या हाडात वरच्या बाजूला डाग दिसलाय, सर्जन रॉड टाकू म्हणतात आणि घरचे म्हणतात, 'मोडलेलं तर नाही ना, मग कशाला?' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हेच वाक्य दादा बोलला होता.

अण्णांची एक किडनी कॅन्सरमुळे सहा वर्षांपूर्वी काढलेली. मग गुडघा दुखायला लागला. दोन महिने गुडघ्यावरच उपचार चालले, गुडघ्याची फिल्म स्वच्छ. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शेवटी अख्ख्या मांडीची फिल्म काढली तेव्हा खुब्याच्या जरा खाली हाड पोखरलेलं दिसलं.

सर्जननी समोर कागदावर गुण मांडले. १९८९ साली मिरेल्स यांनी दिलेली पद्धत आहे ती. जागा, दुखणं, डागाचा प्रकार आणि आकार, प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ९ किंवा जास्त आली तर मोडायच्या आधीच आधार द्यायचा, ७ पर्यंत असेल तर शेक (म्हणजे रेडिएशन) देऊन लक्ष ठेवायचं, ८ ला डॉक्टरांनी तारतम्याने ठरवायचं. अण्णांचे ११ आले. पाय टेकला की कळ, आडवं पडलं की काही नाही, याच दुखण्याला पूर्ण ३ गुण असतात. आईंना असं होतं का, ते आधी विचारा.

दादा म्हणाला, "चालत्या-फिरत्या माणसाला टेबलावर कशाला घ्यायचं? शेक देऊ, हाड भरून येईल." मी विरोध केला, पण धाकटीचं कोण ऐकतो! शेकाने दुखणं कमी होतं हे खरं, पण हाडात ताकद यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. तोवर ते तितकंच कच्चं असतं. शेकाच्या तिसऱ्या दिवशी रात्री अण्णा उठले, त्या पायावर भार देऊन वळले आणि हाड गेलं. पडले म्हणून हाड मोडलं नाही, हाड मोडलं म्हणून पडले. दादा अजूनही लोकांना 'पडले' असंच सांगतो.

पुढचं सगळं घाईत झालं. किडनीचा कॅन्सर हाडात गेला की तिथे रक्तवाहिन्या फार वाढतात, म्हणून आदल्या दिवशी नळी घालून गाठीची रक्तवाहिनी बंद केली. ऑपरेशनमध्ये हाडाचा वरचा भागच काढावा लागला आणि धातूचा सांधा सिमेंटने बसवला. कमरेला तोलून धरणारे स्नायू नेमके त्याच भागाला चिकटलेले असतात, त्यामुळे अण्णा चालले खरे, पण शेवटपर्यंत लंगडत आणि सांधा निखळेल या धास्तीत.

दादाचं म्हणणं, किडनीचा एकच डाग असला तर बरेच सर्जन तसाही तो भाग काढतातच, मग फरक काय पडला? फरक हा पडला की ते दिवसा, ठरवून, रक्ताची सोय करून झालं असतं. अण्णांना मोडक्या पायाने स्ट्रेचरवर चढावं लागलं नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गुण ९ किंवा जास्त असतील आणि तब्येत भूल झेपण्यासारखी असेल तर थांबू नका. किती दिवसांत चालतील, असं विचारलंय. रॉड असो वा सांधा, लगेच भार देता यावा हाच उद्देश असतो, त्यामुळे बहुतेकांना एक-दोन दिवसांत वॉकर देऊन उभं करतात. बाकी तुमच्या सर्जनना विचारा. जखम भरल्यावर शेक घ्यावे लागतातच, तेही टाळू नका.

दोन गोष्टी राहिल्या. डाग खुब्याच्या गोळ्यात किंवा त्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागात (हाडाच्या मानेत) असेल तर रॉड सहसा पुरत नाही, सांधाच बदलतात. आणि हाडात हा एकच डाग असेल, स्तनाचा आजार जुना असेल, तर आधी डागाचा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगा. तो हाडाचा स्वतःचा कॅन्सर निघाला तर रॉड घालताना पेशी पोकळीभर पसरतात. मी डॉक्टर नाही, पण हे आम्हाला त्याच सर्जननी समजावलं होतं.

ऑपरेशन ठरेपर्यंत आईंना त्या पायावर भार देऊ देऊ नका. आजच वॉकर आणा, आणि रात्री त्या उठतील तेव्हा कुणीतरी शेजारी असू द्या.