दार लावून घेतलंय ना, मग ठोठावू नका

या वेळच्या पत्रांत निम्मी तरी एकाच विषयावरची आहेत, घरातल्या वाढत्या वयाच्या मुलांची प्रार्थना. बहुतेक आयांची, एक युवक संघाच्या लीडरचं आणि एक चक्क मुलीचंच. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली चार घेतलीत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. लहान असताना झोपायच्या आधी स्वतःहून हात जोडायचा, आजीच्या गुडघ्यापासून ते शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायचा. आता कौटुंबिक प्रार्थनेला बसतो पण नुसता बसतो, त्याची पाळी आली की "थँक्यू प्रभू, आमेन" म्हणून मोकळा. परवा विचारलं, रात्री स्वतःची प्रार्थना करतोस ना रे, तर "करतो गं" म्हणाला आणि दार लावून घेतलं. मी रोज आठवण करते, बायबलचं अ‍ॅप पण टाकून दिलंय त्याच्या मोबाईलवर. हा देवापासून लांब चाललाय का?

उत्तर : तो "करतो गं" म्हणाला ना, मग ते खरं धरून चाला. कदाचित खरं नसेलही, पण तुम्ही पोलिसासारखं रोज विचारत राहिलात तर तो करायला नाही, "केली" म्हणायला शिकेल. हे मी अनुभवाने सांगतेय. संडे स्कूलला मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायचे तेव्हा मी मोठ्या उत्साहाने भिंतीवर एक तक्ता लावला होता, आठवडाभरात जितके दिवस प्रार्थना केली तितक्या चांदण्या चिकटवायच्या. तिसऱ्या रविवारी तक्ता नुसता लखलखत होता आणि मी खूष, तेवढ्यात एक मुलगा जवळ येऊन हळूच विचारतो, "टीचर, मी पुढच्या रविवारी येणार नाहीये, तर त्या चांदण्या आत्ताच लावून ठेवू का?" मी त्याच दिवशी तक्ता उतरवला. चूक पोरांची नव्हती, माझी होती.

आणि दार लावल्याचं तुम्हाला वाईट वाटलं, पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात प्रभू येशूने काय सांगितलंय बघा, खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याशी बोल. आता तुमच्या मुलाने दार त्यासाठीच लावलं असं मी म्हणत नाही, गेम खेळायला पण लावलं असेल. पण ज्या मुलाला बंद दाराआडचं स्वतःचं असं काही मिळतच नाही त्याची प्रार्थना तरी स्वतःची कशी होणार?

मला या बाबतीत बायबलमधला म्हातारा याजक एली आठवतो. त्याच्या हाताखाली मंदिरात सेवा करणारा लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकून पळत त्याच्याकडे येतो, एकदा नाही, तीनदा, आणि तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की परमेश्वर या पोराला हाक मारतोय. मग तो काय करतो? काय बोलायचं ते एका वाक्यात सांगतो, "बोल, तुझा दास ऐकत आहे", आणि त्याला परत त्याच्या जागेवर झोपायला पाठवतो. सोबत जात नाही, दाराशी कान लावून उभा राहत नाही. (सकाळी मात्र त्याने खोदून खोदून विचारलं, अगदी शपथ घालून, तेवढं एलीचं घेऊ नका.)

मग आईने करायचं काय? एक म्हणजे तुमची स्वतःची प्रार्थना त्याला दिसू दे. दाखवायची नाही, दिसू द्यायची, यात फरक आहे. लूकच्या ११व्या अध्यायात एक शिष्य प्रभूला म्हणतो आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, ते कधी, तर तो स्वतः एके ठिकाणी प्रार्थना करत होता आणि ती संपल्यावर. म्हणजे आधी त्यांनी बघितलं, मग मागितलं. दुसरं, त्याच्याकडे काहीतरी मागा. "उद्या माझी डॉक्टरकडे तपासणी आहे, मला जरा भीती वाटतेय, माझ्यासाठी प्रार्थना करशील?" एवढंच, आणि नंतर "केलीस का" विचारायचं नाही, फक्त तपासणी कशी झाली ते येऊन सांगायचं. १५ वर्षांच्या मुलाला सगळे जण सतत काहीतरी करायला लावत असतात, पण त्याची खरोखर गरज आहे म्हणून कोणी काही मागत नाही हो.

आणि एक फार नाजूक गोष्ट. कौटुंबिक प्रार्थनेत "हे प्रभू, माझ्या लेकराला मोबाईल बाजूला ठेवून अभ्यासाला बसायची सुबुद्धी दे" असं म्हणता का कधी? म्हणत असाल तर आजपासून बंद. हे देवाला उद्देशून नसतं हे त्याला बरोब्बर कळतं, डोळे मिटलेले असतानाचं लेक्चर आहे ते. त्यापेक्षा शेवटी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं ठेवा, ज्याने त्याने मनात. त्या मिनिटात तो काय म्हणतो ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि ते तसंच हवंय. अ‍ॅप राहू दे, पण रोज सकाळी टुंग करणारं नोटिफिकेशन त्याने बंद केलं तर मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. रात्री प्रार्थनेला बसले की झोप तरी येते नाहीतर डोक्यात उद्याची टेस्ट, ग्रुपवर कोण काय बोललं हेच फिरत राहतं. आमच्या चर्चमधल्या एक काकू पंधरा मिनिटं इतकी सुंदर प्रार्थना करतात, मला तसे शब्दच येत नाहीत. आणि खरं सांगू का ताई, माझ्या मैत्रिणीच्या आईसाठी मी तीन महिने रोज प्रार्थना केली आणि त्या गेल्या. तेव्हापासून करावीशीच वाटत नाही, आणि नाही केली तर गिल्टी वाटतं.

उत्तर : बाळा, शेवटचं तू सगळ्यात शेवटी आणि एका ओळीत लिहिलंस पण खरं पत्र तेच आहे, म्हणून आधी त्याबद्दल. त्या का गेल्या ते मी तुला समजावून सांगणार नाही, मला ते येत नाही आणि ज्यांना येतं असं वाटतं त्यांच्यापासून मी स्वतः थोडी लांबच असते. तुझी प्रार्थना कमी पडली किंवा तुझा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं तर मात्र ऐकून घेऊ नकोस. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणून विनवलं होतं, आणि प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी होता का?

तुला राग आलाय असं मला वाटतं, आणि चांगल्या मुलीने देवावर रागवायचं नसतं म्हणून तू प्रार्थनाच बंद केलीस. तर बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता उघड. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात तक्रारी किती भरल्यात बघ. १३वं स्तोत्र सुरूच होतं "किती वेळ?" असं, तू मला कायमचा विसरणार आहेस का म्हणून थेट परमेश्वरालाच विचारलंय. पण तिथे शेवटी सूर बदलतो. ८८वं स्तोत्र वाच, त्यात बदलतच नाही, जवळची माणसं दूर गेली आणि उरला तो अंधार, असं म्हणून ते संपतं, आमेन नाही, स्तुती नाही, काही नाही. आणि हे कोणी फाडून टाकलं नाही, पवित्र शास्त्रातच ठेवलंय. आज रात्री दुसरं काही जमत नसेल तर ते एक स्तोत्र हळू आवाजात वाच आणि झोप, तीच तुझी प्रार्थना.

आता बाकीचं. झोपेचं फार मनावर घेऊ नकोस, त्याच गेथशेमानेत पेत्र, याकोब आणि योहान हे तिघंही शिष्य झोपले होते, तेही साक्षात प्रभू चार पावलांवर असताना. पण अंथरुणात पडून, दिवा घालवून प्रार्थना करायला घेतलीस तर झोप येणारच की! वेळ बदल. शाळा-कॉलेजला जाताना चालत कर, आंघोळीनंतर केस विंचरताना कर. डोळे मिटलेच पाहिजेत असा नियम नाही.

मन भटकतं तेव्हा आपण त्याला कान धरून परत आणतो, पुन्हा भटकतं, पुन्हा आणतो आणि शेवटी कंटाळतो. त्यापेक्षा ते जिथे गेलं तिथेच प्रार्थना कर. ग्रुपवरचं आठवलं? "प्रभू, ती माझ्याबद्दल जे बोलली ते मला लागलंय." झालं, पुढचं सुचेल. न सुचलं तर तेवढंच पुरे. पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा तो काय म्हणाला, प्रभूजी, मला वाचवा, तीन शब्द, आणि प्रभूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं. राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याने तर राजाने प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायच्या आधी, उभ्या उभ्या मनातल्या मनात प्रार्थना उरकली. काकूंच्या पंधरा मिनिटांशी तुलना नको, त्यांच्या मागे कितीतरी वर्षांची सवय आहे. कधी धीर करून त्यांना विचार की १६व्या वर्षी त्या कशी प्रार्थना करायच्या, उत्तर ऐकून बहुतेक हसायला येईल.

आणि तुझ्या मैत्रिणीकडे जातेस ना? जा. नुसती बसून ये. आणि हे ओझं खूप दिवस उतरतच नाहीये, जेवण जात नाही, झोप लागत नाही असं असेल तर आईबाबांना किंवा विश्वासातल्या एखाद्या टीचरला सांग, एकटीने धरून ठेवू नकोस.

प्रश्न : आमच्या युवक संघात प्रार्थनेच्या वेळी कोणी तोंडच उघडत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात आणि शेवटी मीच करतो. काय करू?

उत्तर : गोल करून "आता एकेकाने" म्हणता ना? मग ज्याची पाळी सहावी आहे तो पहिल्या पाच जणांच्या प्रार्थनेत स्वतःची वाक्यं जुळवत बसतो. गोल मोडा. चिठ्ठ्या द्या, नाव न घालता एक ओळ लिहायला सांगा, डब्यात टाकू दे, मग प्रत्येकाने एक उचलून घरी न्यायची आणि आठवडाभर त्यासाठी प्रार्थना करायची. मोठ्याने वाचायची नाही. आणि हे अगदी पक्कं पाळा, चिठ्ठीतली गोष्ट बाहेर चर्चेला जाता कामा नये. "अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा हं" म्हणत गावभर बातमी फिरवणारी मोठी माणसं मुलांनी पाहिलेली असतात, त्यांचं तोंड मिटलेलं असतं ते बऱ्याचदा त्यामुळेच. शांततेला घाबरू नका, दोन मिनिटं कोणीच बोललं नाही तरी चालतं, तुम्ही ती भरून काढायला धावू नका.

प्रश्न : मुलीची प्रार्थनेची वही टेबलावर पडली होती, मी वाचली. त्यात माझ्याविरुद्ध बरंच आहे. आता तिच्याशी कसं बोलू?

उत्तर : वहीत स्वतःला काही करून घेण्याची भाषा असेल, किंवा कोणी तिला त्रास देतंय असं असेल, तर बाकी सगळं सोडा, आजच तिला जवळ घेऊन बोला आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घ्या, तिथे वही वाचली की नाही हा मुद्दाच राहत नाही. तसं काही नसेल, नुसता तुमच्यावरचा राग असेल, तर ती जिथे बोलायला हवं तिथेच बोलत होती, मध्ये तुम्ही आलात. जे वाचलं त्याचा खुलासा करत बसू नका, "मी तशी नाहीये गं" वगैरे अजिबात नको. वही होती तिथे ठेवा आणि संध्याकाळी सरळ सांगा की मी वाचली, चुकलं माझं, परत नाही वाचणार. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे. आणि तिला कुलूप लागेल असा एखादा ड्रॉवर रिकामा करून द्या, किल्ली एकच असलेला.