आधी बॅग रिकामी कर

ताई, मी त्रेचाळीस वर्षांची. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. पहाटे पाचला उठणं, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, माझ्या पातेल्यातला चहा, देवपूजा, डबा, रात्री दहाला झोप. हे घड्याळ चुकलं की मी पार कोलमडते. गेल्या वर्षापासून सप्लायरच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ऑडिटसाठी महिन्यातून दोनदा कोईमतूरला जावं लागतं, दर वेळी दोन-तीन रात्री. झोप लागत नाही, पित्त होतं. हॉटेलात एकटीने जेवायला उतरवत नाही, म्हणून खोलीत बिस्किटं खाते. बॅगसुद्धा उघडून लावत नाही, लागेल तेवढं चेनमधून ओढून काढते. यांचा मात्र खूप आधार आहे. आरतीपासून मुलं झोपेपर्यंत व्हिडिओ कॉल चालू ठेवतात, मला घरी असल्यासारखं वाटावं म्हणून. आता साहेब मॅनेजर करतो म्हणतात, म्हणजे दौरे आणखी वाढणार. हे म्हणतात, "सोडून दे, आपल्याला काय कमी आहे?" काय करू?
– एक घरकोंबडी, नाशिक

अगं,

झोप, पित्त, बिस्किटं, साहेब, बढती, सगळ्यावर भरभरून लिहिलंस आणि बॅगेचं एका ओळीत उरकलंस. मी त्या ओळीवरच अडून बसले आहे. तीन-तीन रात्री एका खोलीत काढायच्या आणि बॅग लावायची नाही? कुर्ते चुरगळलेले, चार्जर तळाशी, पित्ताची गोळी हवी तेव्हा सापडत नाही, कपाटातले हँगर रिकामे. आणि हे वर्षभर, दर खेपेला. घरी चहाचं पातेलंसुद्धा ठरलेलं लागणारी बाई तू. अशा खोलीत तुझा डोळ्याला डोळा लागेल तरी कसा? तुझं म्हणावं असं तिथे काही ठेवतच नाहीस.

तुझ्या शिस्तीबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. उलट तू तिला लाजतेस, सही करतानाही स्वतःला कमी लेखतेस, ते मला खटकलं. फाउंड्रीत ऑडिट करायला असंच माणूस लागतं. मापं घ्यायच्या गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासल्याच्या) स्टिकरची तारीख उलटून गेली आहे, लाल पेटीत असायला हवं ते रिजेक्ट कास्टिंग, म्हणजे नापास झालेला ओतीव भाग, चांगल्या मालाशेजारी पडलं आहे, हे कुणाच्या डोळ्यांना खुपतं? ज्याला रोजची वस्तू रोजच्या जागी लागते, त्याच्याच. तुझ्या साहेबांनी तुला मॅनेजर करायचं उगाच मनात घेतलेलं नाही. मग दिवसभर शॉप फ्लोअरवर चालणारी ही नजर संध्याकाळी खोलीत शिरताना कुठे जाते?

नाशकात जाते. तुझी संध्याकाळ तिकडेच चाललेली असते. इथे मला तुझ्या यजमानांबद्दल बोलायचं आहे, आणि मी गोड बोलणार नाही. आरतीपासून मुलं झोपेपर्यंत म्हणजे दोन-अडीच तास तरी झाले. तेवढा वेळ फोन उशीला टेकवून तू आपलं घर बघत बसतेस. जेवायची वेळही त्यातच जाते, म्हणून बिस्किटं. एकटीने जेवायचा संकोच असेलही, पण त्या कॉलमुळे तो मोडायची वेळच तुझ्यावर येत नाही. फोन ठेवलास की खोली एकदम अंगावर येते, कारण तोवर तू तिच्याकडे धड पाहिलेलंही नसतं. बायको वर्षभर पित्ताने हैराण आहे हे दिसत असताना त्यांना तिने बढती सोडावी हे सुचतं आणि कॉल आवरता घ्यावा हे सुचत नाही, याचा मला राग आला. प्रेम असेल, नाही म्हणत नाही. पण हा आधार तुला महागात पडतो आहे. रात्री नऊला दहा मिनिटं बोल, मुलांची विचारपूस कर आणि फोन ठेव. आरती तुझ्यावाचून होते.

तू नाशिकची. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी तुझ्या गावावरूनच पंढरपूरला जाते. दिंडीतल्या बायकांचा मुक्काम कधी जवळून पाहिला आहेस का? आजचं गाव उद्या नाही. तरी पोचल्याबरोबर राहुट्या उभ्या राहतात, वळकट्या सुटतात, डोक्यावरचं तुळशीवृंदावन जागेवर बसतं, स्वयंपाकाला लागतात. पहाटे काकडा, वाटेत ठरल्या क्रमाने अभंग, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. गाव रोज बदलतं, क्रम बदलत नाही. यातल्या कितीतरी जणी एरवी तुझ्याहून घरात रमणाऱ्या, वर्षाकाठी शेत आणि चूल सोडून कुठे न जाणाऱ्या. एका रात्रीसाठी कशाला खुंट्या ठोकायच्या, असं त्या म्हणत नाहीत. तूही म्हणायचं नाहीस.

तेव्हा पुढच्या खेपेला एकच कर. खोलीचं दार आतून लावलंस की पलंगावर बसू नकोस, फोन हातात घेऊ नकोस. बॅग रिकामी कर. अर्धी नाही, पूर्ण. एकाच रात्रीचा मुक्काम असला तरी. कपडे हँगरला, उद्याचा जोड वेगळा. ब्रश, तेल, कंगवा बेसिनपाशी, घरी ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने. गोळ्या आणि पाण्याची बाटली घरी उशाच्या ज्या बाजूला असतात त्याच बाजूला. देवाचा छोटा फोटो टेबलावर. घरचा वापरलेला अभ्रा हॉटेलच्या उशीला घाल, त्याची घडी वहीएवढी होते. घरची चहा पावडर ने, खोलीत बहुधा किटली असते. दूध मात्र तिच्यात उकळू नकोस, गरम दूध खालून मागव. सगळं लागलं की रिकामी बॅग कपाटात तळाशी, नजरेआड. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि ते संपेपर्यंत त्या खोलीतली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे तुला ठाऊक झालेलं असेल.

मग खाली उतरून जेव. कोईमतूरला रात्री साध्या हॉटेलातही गरम इडली, डोसा मिळतो, बिस्किटांपेक्षा शंभर पटीने बरा. पित्ताचं एकदा डॉक्टरांना दाखव, ते अंगावर काढू नकोस. आणि सकाळच्या फेऱ्या चुकवायच्या नाहीत. तिथल्या रेसकोर्सभोवती चालायचा रस्ता आहे, साधारण अडीच किलोमीटरचा, पहाटे माणसांनी गजबजलेला असतो. गोल्फ क्लबचे तुझे बूट बॅगेत सगळ्यात आधी टाक.

पहिल्या रात्रीची झोप मात्र बॅग लावूनही अर्धवटच होईल. आधीच सांगते, म्हणजे हिरमुसणार नाहीस. तो तुझा दोष नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची एक बाजू (त्यांच्या प्रयोगात डावी) दुसरीपेक्षा हलकी झोपते आणि बारीक आवाजालाही दचकते. तीच माणसं पुन्हा त्याच जागी झोपली तेव्हा हा फरक उरला नाही. झोपेच्या प्रयोगशाळांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून पहिल्या रात्रीच्या नोंदी त्या बहुधा हिशेबात धरत नाहीत. तू मात्र दर महिन्याला हॉटेल बदलत असशील तर दर महिन्याला नव्याने पहिली रात्र काढते आहेस.

बढतीचं विचारलंस. घे. यजमानांची परवानगी मागत बसू नकोस, घेतली म्हणून सांग. उद्या साहेबांना लेखी होकार कळव, आणि त्याच मेलमध्ये ट्रॅव्हल डेस्कला कॉपी ठेवून लिही, की कोईमतूरला दर खेपेला तेच हॉटेल आणि शक्य तोवर त्याच मजल्यावरची खोली हवी. ऑडिटच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचता येईल असं तिकीटही माग. मुंबईच्या पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला कसारा घाट उतरायचा आणि विमानातून थेट फाउंड्री गाठायची, असं करत असशील तर ते यापुढे बंद. मॅनेजरला एवढं मागता येतं.

– तुझी ताई